कुला म्हणजे वाघ



आदिवासींच्या मरू घातलेल्या भाषा आणि त्या जगवण्याचे प्रयत्न, या विषयावर अभ्यासलेख लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. २३ वर्षे मेळघाटाच्या पायथ्याशी मुलांच्या एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो, एवढीच माझी विद्या. मग वाटले, भाषा कशी मरते हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण त्या कामाला माझाही हात लागलेला आहे. म्हणून अभ्यासाच्या आधी कबुली देतो.

पोळ्याची सुट्टी संपवून मुले परतली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तिसरीतला एक मुलगा चार-पाच जणांच्या घोळक्यात उभा राहून हातवारे करत काही सांगत होता आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द उच्चारत होता : कुला, कुला. मराठीत त्या उच्चाराचा शब्द कोणता, हे वाचकांना ठाऊक आहे. प्रार्थनेच्या तोंडावर तो कानावर पडला आणि माझा संताप झाला. शिवाय भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती : येथे फक्त मराठी बोलावे. म्हणजे गुन्हे दोन झाले. मी त्याला प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर उभे केले. तो काही बोलला नाही. बोलला असता तरी कोणत्या भाषेत बोलणार होता?

दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या मावशीने विषय काढला. मावशी कोरकू आईची आणि वऱ्हाडी बापाची लेक, दोन्ही बोली तिच्या तोंडी. म्हणाली, “सर, त्या पोराले तुमी कायले उभं केलं व्हतं? त्याच्या घरचा बैल वाघानं नेला नं. थेच सांगू रायला होता थो. कुला म्हन्जे वाघ.”

पोळ्याच्या तोंडावर घरचा बैल गेला होता. त्या मुलाने ती गोष्ट आपल्या माणसांना सांगितली आणि त्याबद्दल मी त्याला शिक्षा केली. मी त्याला बोलावून खडीसाखर दिली. माफी मागितली नाही. तेव्हा ते सुचलेच नाही.

पाटीमागे दुष्टपणा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ही मुले गावातल्या शाळेत गेली की त्यांच्या बोलण्यावर वर्ग हसे. दहावीचा पेपर मराठीत, तलाठ्याचा अर्ज मराठीत, दवाखान्यातला कागद मराठीत. तुमच्या देणगीतून त्यांचे जेवण आणि वह्या-पुस्तके चालत होती, तेव्हा ती पास झालीच पाहिजेत, असे मला वाटे. मराठी पक्की व्हायची तर कोरकू बंद, हे गणित मला सरळ दिसत होते. ते चुकीचे होते.

कोरकू म्हणजे कोणती भाषा

कोरकूत कोरो म्हणजे माणूस आणि “कू” हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. माझा अनेक वर्षे समज होता की ही मराठीची किंवा हिंदीची मोडकी, रानातली बोली आहे. आपल्या मंडळ्यांतही असे समजणारे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती अशी की मराठी व हिंदी एका घराण्यातल्या. तेलुगू, गोंडी, कोलामी द्राविडी घराण्यातल्या. आणि कोरकू तिसऱ्याच, मुंडा घराण्यातली. तिच्या सख्ख्या बहिणी संथाली, मुंडारी आणि हो या झारखंड-ओडिशाकडे राहतात. मधे शेकडो मैलांचे अंतर आहे. त्या घराण्यातली सर्वांत पश्चिमेची भाषा म्हणजे आपल्या मेळघाटातली कोरकू. दहाला कोरकूत “गेल” म्हणतात, संथालीतही “गेल”. सहाला दोन्हीकडे “तुरुय”. कुला हा शब्दही मुंडारीत वाघच आहे. लांबचे नाते काढायचे तर मेघालयातली खासी, कंबोडियातली ख्मेर आणि व्हिएतनामी या तिच्या चुलत बहिणी लागतात. मेळघाटातून वाहणाऱ्या सिपना नदीचे नाव आपण सहज घेतो. कोरकूत सिपना म्हणजे साग.

आता मोडकेपणाचे पाहू. मराठीत वाघ एक असो की दहा, शब्दात फरक पडत नाही. कोरकूत एक असेल तर कुला, दोन असतील तर कुलाकिंग (शेवटचा ग नाकातून, अर्धवट), आणि त्याहून जास्त असतील तर कुलाकू. संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन आठवेल. मराठीने ते केव्हाच टाकून दिले, कोरकूने जपले. जंगलातून वाट चालणाऱ्याला एक, दोन आणि पुष्कळ यांतला फरक कामाचा असतो, असे मावशीचे म्हणणे.

याहून गमतीची गोष्ट “आम्ही” या शब्दाची आहे. मराठीत आपण “आम्ही” आणि “आपण” असा भेद करतो : आम्ही जातो, म्हणजे तू नाहीस, आपण जाऊ, म्हणजे तूसुद्धा. इंग्रजीत हा भेद नाही. कोरकूत आहे : “आले” म्हणजे तुला वगळून आम्ही, “आबुंग” म्हणजे तुला धरून आपण. शिवाय दोघेच असतील तर त्यासाठी पुन्हा वेगळे दोन शब्द. एकूण चार. प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवात करताना मराठी भाषांतरकारांनी “आपल्या” न म्हणता “आमच्या” म्हटले, कारण ज्याच्याशी बोलतो आहोत तो त्या “आम्हा”त धरलेला नाही. इंग्रजी माणसाला हा प्रश्न पडतच नाही. कोरकूत प्रार्थना करणाऱ्याला तो पडतो, आणि त्याची भाषा त्याला नेमका शब्द हातात देते. मोडके बोलतोस म्हणून मी ज्याच्यावर ओरडत होतो, त्या मुलाला तिसरीत हे चारही शब्द बिनचूक येत होते.

२०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक आहेत, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. आकडा लहान नाही. १९९१ साली तो ४ लाख ६६ हजार होता, म्हणजे वाढलाच. मग धोका कुठे आहे?

धोका आकड्यात दिसत नाही. युनेस्कोसाठी तज्ज्ञांनी २००३ साली भाषेची प्रकृती तपासण्याच्या नऊ कसोट्या ठरवल्या. बोलणाऱ्यांची संख्या त्यांपैकी एक आहे. पण पहिली कसोटी आहे ती भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाते का, ही. घरात लेकराशी कोणत्या भाषेत बोलतात? सात लाख माणसे बोलत असतील आणि त्यांतल्या तरुण आया बाळाशी दुसऱ्याच भाषेत बोलत असतील, तर त्या भाषेचे दिवस मोजता येतात. हजारभरच माणसे असतील पण सगळी पोरे तीच भाषा बोलत भांडत असतील, तर ती अजून जिवंत आहे.

ज्यांनी लिहून ठेवले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, इथून कोरकू लोकांत एक लहानसे मिशन काम करू लागले. त्यातले जॉन ड्रेक यांनी कोरकूचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छापले. नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः अमेरिकेतले नॉर्मन झाइड आणि आपल्याकडचे के. एस. नागराज यांनी, पुढचे पुष्कळ काम केले. पण पहिला नांगर ज्यांनी घातला त्यांत ड्रेक आहेत.

त्याच सुमारास जॉर्ज ग्रियर्सन यांचे भारतातील भाषांचे मोठे सर्वेक्षण चालू होते. त्यांना प्रत्येक बोलीचा एकसारखा नमुना हवा होता, म्हणजे तुलना करता येईल. त्यांनी निवडला उधळ्या पुत्राचा दाखला. शेकडो भारतीय बोलींत तो दाखला लिहून घेण्यात आला. कारण धार्मिक नव्हते, व्याकरणाचे होते : त्या गोष्टीत बाप, मुलगा, भाऊ, मी, तू, तो, भूत आणि भविष्य सगळे येते. तरी गंमत वाटते खरी. घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट त्या बोलींत लिहून घेतली गेली आणि पुढे त्याच बोलींची मुले घर सोडून आमच्यासारख्यांच्या वसतिगृहांत आली.

मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात कोरकूबरोबर एका लहान भाषेची नोंद आहे : नहाली, म्हणजे निहाली. तिच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल.

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत जळगाव जामोद तालुका आहे. तिथल्या काही गावांत आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात निहाल लोक राहतात. भाषा बोलणारे दोन ते अडीच हजार. या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषेशी सिद्ध झालेले नाही. मराठीशी नाही, गोंडीशी नाही, कोरकूशीही नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्या शब्दांची छाननी केली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक शब्द कोरकूतून आलेले दिसले आणि जवळजवळ एक चतुर्थांश शब्दांना कुठेच भावंड सापडले नाही. पाण्याला कोरकूत “डा” म्हणतात, निहालीत “जोप्पो”. हा जोप्पो कुठून आला, कोणी सांगू शकत नाही. आर्य, द्राविड, मुंडा यांच्या आधी या डोंगरांत कोण बोलत होते याची ही शेवटची खूण असू शकेल, असा अंदाज काही अभ्यासक करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या आशा मुंडले यांनी तिचा शब्दसंग्रह केला. नागराज यांचे निहालीवरचे पुस्तक म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने २०१४ साली काढले.

जनगणनेच्या छापील तक्त्यांत मात्र निहाली नावानिशी येत नाही, कारण दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या मातृभाषा वेगळ्या दाखवत नाहीत. सरकारचीच २०१३ सालची एक योजना नेमकी अशा, दहा हजारांखालच्या भाषा नोंदवून ठेवण्यासाठी आहे. म्हणजे एका दारातून बाहेर ठेवलेल्यांना दुसऱ्या दारातून शोधायचे.

आता या डोंगराची उतरंड पाहा. निहाल माणूस कोरकूच्या शेतावर मजुरीला जातो, म्हणून कोरकू शिकतो. कोरकू माणूस धारणीच्या बाजाराला जातो, म्हणून हिंदी-मराठी शिकतो. मराठी माणूस नोकरीसाठी इंग्रजी शिकतो. (रविवारी उपासनेनंतर आपली नातवंडे आपसांत कोणत्या भाषेत बोलतात, हे एकदा कान देऊन ऐका.) दुसरी भाषा शिकण्यात काहीच वाईट नाही; मेळघाटातली म्हातारी बाई तीन-तीन भाषा बोलते आणि कुठल्याच विद्यापीठात गेलेली नसते. वरच्या पायरीची भाषा शिकताना खालची लेकराला द्यायची थांबवली, की बिघडते. आणि प्रत्येक आई-बाप ते लेकराच्या भल्यासाठीच करतात. मी केले तसेच.

आजी आली तो दिवस

ज्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याची आजी तो सातवीत असताना एकदा भेटायला आली. सेमाडोहच्या पलीकडून, अर्धी वाट पायी आणि अर्धी एसटीने. फडक्यात मोहफुलांचे काहीतरी बांधून आणले होते. ओट्यावर बसून ती त्याच्याशी बोलत होती आणि तो मराठीत उत्तरे देत होता. हो. नाही. बरा आहे. परीक्षा आहे. ती पुन्हा विचारी, तो पुन्हा मराठीत. मी जवळच होतो, म्हणून असेल असे मला आधी वाटले. मी आत निघून गेलो. खिडकीतून ऐकू येत होते. तो तरीही मराठीतच बोलत होता.

थोड्या वेळाने म्हातारी मावशीपाशी काही बोलली. मी मावशीला विचारले. ती सांगायला तयार नव्हती, मग म्हणाली, “थे म्हन्ते, म्या कोरकू पोरगं धाडलं व्हतं. हे कोन वापस देऊ रायले तुमी?”

त्या रात्री मी हिशेब मांडला. या मुलाला चार वर्षांत आम्ही काय दिले? वजन वाढले, खरूज गेली, मराठी वाचता येऊ लागली. हे सगळे खरे आहे आणि ते तुमच्यामुळे झाले. मी त्याचे मोल कमी करत नाही. पण आजीला उत्तर देण्याची भाषा आम्ही काढून घेतली. तिच्याकडून त्याला जे मिळाले असते, कुठली भाजी केव्हा खुडायची, कुठल्या झाडाची साल तापावर द्यायची, नात्यात कोणाला काय म्हणायचे, ते सगळे त्या भाषेतच होते. मराठीत त्यातल्या अर्ध्या झाडांना नावेसुद्धा नाहीत.

पुस्तक छापले की भाषा वाचते का

आपल्या मंडळींत असा एक समज आहे की पवित्र शास्त्राचे एखाद्या भाषेत भाषांतर झाले की ती भाषा वाचली. माझाही होता. पण इतिहास एवढा सोपा नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन एलियट या पाळकाने तिथल्या वाम्पानोआग लोकांच्या भाषेत संपूर्ण बायबल १६६३ साली छापून काढले. अमेरिकेत छापलेले ते पहिले बायबल, इंग्रजी बायबलच्याही आधीचे. तरीही एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही. जमिनी गेल्या, माणसे साथींत आणि लढायांत गेली, मुले इंग्रजी बोलू लागली. पुस्तक राहिले, बोलणारे गेले. पुढे १९९३ पासून त्याच लोकांतल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ते जुने बायबल आणि जुने दस्तऐवज हाताशी धरून भाषा पुन्हा उभी करायला घेतली, आणि आपल्या मुलीशी जन्मापासून तीच भाषा बोलल्या. शंभराहून अधिक वर्षांनी ती भाषा घरात शिकलेले ते पहिले लेकरू. म्हणजे पुस्तक फुकट गेले नाही. बियाणे म्हणून कणगीत राहिले. पण कणगीतल्या बियाण्याला शेत म्हणत नाहीत.

याच्या उलट उदाहरण वेल्सचे, आणि तिथून एक वाट थेट कोरकूच्या चुलत घरी जाते. वेल्श भाषेत संपूर्ण बायबल विल्यम मॉर्गन यांनी १५८८ साली दिले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. तो ज्याच्या गळ्यात शेवटी राही, त्याला मार. माझी पाटी आणि तो तुकडा, एकाच लाकडाचे. पण त्याच मुलांना रविवारी संडे स्कूलमध्ये वेल्शमध्ये वाचायला शिकवीत, आई-बापही शेजारी बसून शिकत. घर, चर्च आणि संडे स्कूल या तीन ठिकाणी भाषेला मान होता, म्हणून शाळेचा मार तिने सोसला. तिथेही आज चिंता मिटलेली नाही : २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

त्याच वेल्सचा, एका सुताराचा मुलगा, थॉमस जोन्स हा मिशनरी १८४१ साली चेरापुंजीला आला. खासी लोकांची भाषा त्याने रोमन लिपीत लिहिली आणि लिहिताना वळण वेल्श स्पेलिंगचे ठेवले. आजही खासी लिहिण्यात ते दिसते. त्यानंतर खासी चर्चमध्ये, शाळेत, छापखान्यात गेली आणि मुख्य म्हणजे चुलीपाशी राहिली. २०११ साली खासी बोलणारे सुमारे १४ लाख ३१ हजार होते. याचे सगळे श्रेय मिशनला देणे खोटे होईल. खासी लोक आपल्या डोंगरांत बहुसंख्य आहेत, जमीन त्यांच्या हातात आहे. मेळघाटात तसे नाही. पण चर्चने तिथे मुलांना घरची भाषा टाकायला सांगितली नाही, एवढे आपल्या उपयोगाचे आहे.

मंडळीत बोलायला जातो तेव्हा हमखास एक प्रश्न येतो : भाषा जपली तर जुने देव आणि भगत-भुमका हेही परत येणार नाहीत का? प्रश्न चेष्टेचा नाही, मीही तो बाळगून होतो. आता माझे उत्तर असे की मराठीतही सर्व प्रकारच्या देवांची नावे आहेत आणि आपण मराठीतच प्रार्थना करतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांना आधी एक भाषा शिकून या, असे कोणी सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नाही. ज्या उपासनेत आजीच्या भाषेतला एकही शब्द येत नाही, तिथे आजी पाहुणी म्हणूनच बसणार.

आम्ही काय केले, काय जमले नाही

पाटी एका दिवसात काढली असे सांगायला आवडले असते. तसे झाले नाही. आधी तिच्यावर कॅलेंडर लावले. वर्षभराने रंगकाम निघाले तेव्हा ती पुन्हा रंगवली नाही.

मग मावशीला विचारले की रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मुलांना कोरकूत गोष्टी सांगशील का? न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी १९८२ पासून बालवाड्या चालवल्या आहेत, नाव “भाषेचे घरटे” अशा अर्थाचे. तिथे आज्या-आजोबा लहानग्यांशी फक्त माओरीत बोलतात. शिकवत नाहीत, नुसते बोलतात, भरवतात, रागावतात. ते वाचून मला ही कल्पना सुचली. मावशीला त्यात काही विशेष वाटले नाही. “म्हन्जे म्या रोज बोलतो थेच नं?” एवढेच म्हणाली.

पहिलीच्या मुलांना गणित आधी कोरकूत समजावून मग मराठीत सांगायला सुरुवात केली. जी बेरीज महिनाभर डोक्यात शिरत नव्हती ती आठवड्यात शिरू लागली, आणि मराठीही उलट लवकर येऊ लागली. यात नवल काही नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे १९५६ पासून लिहिलेले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चे शैक्षणिक धोरणही तेच सांगतात, मात्र “शक्य असेल तिथे” हे शब्द जोडून. कोरकू येणारा शिक्षक नसेल तर ते शक्य नसते, आणि तो बहुतेक ठिकाणी नसतो.

मोठ्या मुलांना एक वही दिली : सुट्टीत घरी जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांकडून शब्द लिहून आणा. लिहिताना अडचण आली. कोरकूत काही स्वर खालच्या सुरात बोलतात, काही शब्द घशात अडवून तोडतात. आपल्या बाराखडीत त्यांना चिन्हे नाहीत. मुलांनी आपली आपण खूण ठरवली, अक्षराखाली एक टिंब. पंडितांना चालेल की नाही ठाऊक नाही. आता तिसरी वही चालू आहे. त्यात एक गोष्ट दिसली. मुलांना कोरकूत पाचपर्यंतच मोजता येत होते, पुढे सहा, सात, आठ मराठीत. “तुरुय” आणि “गेल” म्हाताऱ्यांकडून विचारून आणावे लागले.

सर्वांत मोठा विरोध पालकांचा झाला. एक बाप मला तोंडावर म्हणाला, “कोरकू त्याला घरीच येते, सर. तुमच्याकडे ठेवला तो मराठी-इंग्रजीसाठी. आम्ही जंगलात राहिलो, त्याला पण जंगलातच ठेवायचा का?” मला उत्तर पटकन सुचले नाही. तो चुकीचे बोलत नव्हता. ज्याने कचेरीत भाषेवरून अपमान सोसला आहे, त्याला भाषेची थोरवी मी कोण सांगणार? मी एवढेच म्हटले की मराठी कमी करणार नाही, उलट वाढेल. निकाल बघा आणि मग बोला. निकालानंतर तो काही बोलला नाही, मुलगा मात्र ठेवला. दुसऱ्या दोघांनी मुले काढून नेली.

आठवी-नववीची मुले अजूनही आपसांत मराठीतच बोलतात. त्यांच्या मोबाइलमध्ये कोरकू नाही. दुसरीकडे, वसतिगृहातली वऱ्हाडी पोरे आता कुला शब्दाला हसत नाहीत. त्यांनाही “मोनोय”पर्यंत, म्हणजे पाचपर्यंत, मोजता येते. रविवारच्या प्रार्थनेत एखादे लेकरू कोरकूत प्रार्थना करते. आधी दबकत करी, आता नाही.

मी निवृत्त झालो तरी नाताळात वसतिगृहात जातो. मागच्या नाताळात तो बैलाच्या गोष्टीतला मुलगा आला होता. वनखात्यात रोजंदारीवर आहे, जंगल राखतो. बरोबर चार वर्षांची मुलगी होती. मी तिला जवळ घेऊन म्हटले, तुझे बाबा रोज कुला बघतात का गं? ती तोंडावर हात ठेवून खुदकन हसली, मराठी पोरे हसत तशीच. तो ओशाळून म्हणाला, “तिला कोरकू येत नाही, सर. आम्ही घरी मराठीच बोलतो. शाळेत अडू नये म्हणून.”

वीस वर्षांपूर्वी त्याला दाराबाहेर उभे केल्याची माफी मी तेव्हा मागितली. त्याला ते आठवतच नव्हते, किंवा आठवत नाही असे तो म्हणाला. मावशीने पोरीला कडेवर घेऊन आत नेले आणि तिच्याशी कोरकूत बोलू लागली. पोरगी नुसती तिच्या तोंडाकडे बघत करंजी खात होती. निघताना मी त्याला पहिल्या वहीची झेरॉक्स दिली. पाने उलटत तो एका शब्दावर थांबला आणि म्हणाला, हा माझ्या आजीचा आहे, मीच आणला होता. आजी आता नाही. उन्हाळ्यात मुलीला महिनाभर गावाला त्याच्या आईकडे ठेवायचा विचार आहे, असे त्याने बसमध्ये चढताना सांगितले.